पाहुण्याच्या वाट्याचे पतंग

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. नाव ऐकून दचकू नका. मला दात नाहीत, स्प्रिंग नाही आणि उंदरांशी माझा कधी संबंध आला नाही. मी सूर्यफुलाच्या शेतात खांबावर टांगलेला, पतंग मोजण्याचा सापळा आहे. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कुणी सांगायला नको. मी मत्सरी आहे. चांगलाच मत्सरी आहे.

माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. वर हिरवं छप्पर, त्याखाली पिवळं नरसाळं आणि नरसाळ्याला खालून बांधलेली हातभर लांब पिशवी, एवढाच माझा देह. आम्ही पन्नास भावंडं एका खोक्यात, एकात एक नरसाळी घालून बसलो होतो. पुढे बी-बियाण्यांच्या दुकानात फवारणीच्या पंपांमागे माझं एक वर्ष गेलं. तिथे येणारं गिऱ्हाईक मला उचलायचं, उलटंसुलटं करायचं, "हे काय चाळण आहे का?" म्हणून विचारायचं आणि परत ठेवून द्यायचं. तेव्हापासूनच बहुधा माझ्या स्वभावात हे आलं असावं. पंप विकला गेला की माझ्या पोटात दुखायचं.

मग एके दिवशी आत्या आल्या. त्या कुणाच्या तरी आत्या आहेत हे मला नंतर कळलं, पण आख्खी वस्ती त्यांना आत्याच म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या मुठीत सूर्यफुलाच्या बिया होत्या. त्यांनी त्या दुकानदारापुढे गल्ल्यावर पसरल्या. प्रत्येक बीला बारीक भोक होतं आणि आत काही नव्हतं. "फूल वरून टवटवीत दिसत होतं हो," त्या म्हणाल्या, "आणि आतून सगळं खाऊन गेली." दुकानदाराने पंपांमागे हात घातला आणि मला बाहेर काढलं.

खाऊन गेली ती अळी. एक लहानसा करडा पतंग असतो. फूल उमलायला लागलं की त्याची मादी येऊन फुलात अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. पहिले काही दिवस ती वरवरचे परागकण खाते, तेव्हा तिला गाठता येतं. पण एकदा का ती बीच्या आत शिरली, की मग फवारा, नाही तर देव पाण्यात ठेवा, उपयोग शून्य. म्हणून पतंग कधी आले, किती आले, हे वेळेवर कळायला हवं. ते सांगणं हे माझं काम.

माझ्या छपराखाली रबराची एक छोटी गोळी अडकवतात. आत्या तिला गोळीच म्हणतात. तिला मादी पतंगासारखा वास येतो. अंधार पडला की नर पतंग त्या वासाने भुलून येतात, नरसाळ्यातून पिशवीत घसरतात आणि मग त्यांना वर चढता येत नाही. त्याने शेतातले पतंग संपत नाहीत बरं का. मी पोलीस नाही, मी नुसती मोजणी करतो.

आत्या आठवड्यातून दोनदा यायच्या, सोमवारी आणि गुरुवारी. आल्या की पिशवीचं रबर सोडून जुन्या वर्तमानपत्रावर सगळे पतंग ओतायच्या आणि काडीने पाचपाचचे ढीग करायच्या. आकडा अवजारांच्या खोलीच्या दारावर आतून खडूने लिहायच्या. एका खेपेला पंचवीसच्या वर गेले, की चष्मा सारखा करून दहा-वीस फुलं उकलून बघायच्या, आणि मग फवारायचं की नाही ते ठरवायच्या. हा पंचविसाचा आकडा त्यांचा स्वतःचा, इतक्या वर्षांच्या अनुभवाने बसवलेला. आणि फवारणी म्हणजे त्यांच्या जिवावर यायची. शेताच्या पलीकडच्या बांधावर मधवाल्यांच्या बारा पेट्या असतात. मधमाश्या फिरल्या नाहीत तर सूर्यफुलात दाणाच भरत नाही. म्हणजे फवारलं तर माश्यांची भीती, नाही फवारलं तर अळीची. या दोहोंच्या मधे मी एकटा लटकलेला.

एकटा. हा शब्द मला फार आवडायचा. नऊ वर्षं मी एकटा होतो.

पिशवी लांब म्हणून आत्यांनी माझं नाव पिशव्या ठेवलं होतं. शेजारच्या शेतातले लोक कुंपणावरून विचारायचे, "आत्या, पिशव्या काय म्हणतो यंदा?" आणि आत्या सांगतील त्याप्रमाणे पंप बाहेर निघायचे किंवा आत जायचे. मी भाव खायचो. कशाला खोटं बोलू? पिशवी भरली की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. जास्त पतंग म्हणजे शेताचं जास्त नुकसान, हे मला कळत होतं. पण भरलेल्या पिशवीकडे बघून आत्या "बघू बरं" म्हणत खाली बसायच्या ना, ते मला हवं असायचं.

ओढ्याकडच्या कडेला, माझ्या अगदी जवळ, आत्यांची बियाण्याची पट्टी होती. बाकीचं शेत तेलासाठी. ही पट्टी मात्र पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी. बुटकी झाडं, मोठी फुलं, वाऱ्याने न लोळणारी, अशी निवडून निवडून आत्यांनी हे बियाणं अकरा वर्षांत तयार केलं होतं. दुकानात ते मिळत नाही. ती पट्टी इतर शेतापेक्षा आठवडाभर आधी फुलायची, त्यामुळे पतंग पहिले तिथेच उतरायचे. त्यासाठीच माझा खांब तिथे होता.

आणि मग दहाव्या वर्षी पाहुणा आला.

आत्यांची भाची शेतीचं शिकून शहरात नोकरीला आहे. आठवडाभर तिकडे असते, रविवारी येते. ती एक पांढरी पेटी घेऊन आली. पेटीच्या डोक्यावर काळी चकचकीत पाटी, उन्हावर चालणारी. आत चिकट कागद. आणि कागदाकडे टक लावून बघणारा कॅमेरा. पतंग चिकटले की तो फोटो काढतो, स्वतःच मोजतो आणि आकडा भाचीच्या फोनवर पाठवतो. भाचीने माझ्यापासून जेमतेम पंधरा पावलांवर नवा खांब रोवला आणि त्याला तिथे बसवलं.

"आता तुला वाकायला नको, मोजायला नको," ती आत्यांना म्हणाली. "शिवाय पुढच्या आठवड्यात तुझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. पंधरा दिवस तुला धुळीत पाऊल टाकायचं नाहीये. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं गं बाई. आणि मग पिशव्याचं काय करायचं?"

"काढून टाकू. किंवा राहू दे तसाच, गोळी न लावता. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो, म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांत कुणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं.

आत्या त्या पेटीला पाहुणा म्हणायला लागल्या, आणि पाहुण्याचे लाड तरी किती व्हावेत? त्याची काळी पाटी मऊ फडक्याने पुसली जायची. माझ्या छपरावर कावळे घाण करत, ती पावसाने धुतली तर धुतली. त्याचे फोटो फोनवर सगळ्यांना दाखवले जायचे. शेजारी आता कुंपणावरून विचारायचे, "तुमचा पाहुणा काय म्हणतो?" मी मनातल्या मनात म्हणायचो, तो काय बोलणार, त्याला नरसाळं तरी आहे का? जळत होतो मी. उन्हाने नव्हे.

कळ्यांच्या कडेला पहिला पिवळा रंग दिसला त्या रविवारी भाचीने हातमोजे घालून पाहुण्याला नवी गोळी लावली. पाकिटात दोन गोळ्या असतात. "दुसरी फ्रीजमध्ये ठेवते, तीन आठवड्यांनी याच्यातच बदलायची आहे," असं सांगून ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

सोमवारी सकाळी आत्या आल्या. मंगळवारी त्यांचं ऑपरेशन होतं. त्यांच्या मुठीत ती दुसरी गोळी होती.

"पोरगी म्हणते ठेवून दे," त्या मला म्हणाल्या. शेतात कुणी नसलं की त्या माझ्याशी बोलायच्या. "पण एवढी वर्षं राबलास, तुला उपाशी टांगून ठेवायचं म्हणजे बरं नाही वाटत. लागला एखादा पतंग तर लागला. तेवढाच शेतातून कमी." आणि त्यांनी गोळी माझ्या छपराखाली अडकवली.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, जिंकलो.

पण नीट विचार करा. पंधरा पावलांवर दोन सापळे, दोघांना एकच वास. वारा पाहुण्याच्या बाजूने माझ्याकडे आणि माझ्यावरून ओढ्याकडे वाहायचा. पतंग वास हुंगत वाऱ्याच्या उलट्या दिशेने येतात. म्हणजे ओढ्याकडून येणाऱ्या पतंगाला आधी मीच भेटायचो. दहातले नऊ माझ्याच पिशवीत उतरायचे. चुकून सुटलेला एखादा पाहुण्याकडे पोचायचा. दोन सापळे इतके जवळ लावायचे नसतात, ते एकमेकांचे पतंग पळवतात, हे मला माहीत होतं, भाचीला माहीत होतं. पण भाचीच्या लेखी मी रिकामा होतो. आणि आत्यांना वाटत होतं, आपण एका म्हाताऱ्याला दोन घास घातले, इतकंच.

पहिल्या तीन दिवसांत माझ्या पिशवीचा तळ भरला. सातव्या दिवशी मी अर्धा झालो. पाहुण्याचा कागद जवळपास कोरा होता. त्याचा कॅमेरा रोज टकामका बघायचा आणि दोन, एक, शून्य, दोन असे आकडे पाठवायचा. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही. दर संध्याकाळी पतंग यायला लागले की मी मनात म्हणायचो, या, इकडे या, त्याच्याकडे एकही जाऊ नका. गुरुवार आला, कुणी पिशवी सोडायला आलं नाही. मी म्हटलं, येतील. एवढी भरली आहे, कधी ना कधी बघतीलच.

रविवारी भाची आली. मी ऊर फुगवून तयार होतो. दरवर्षी झाडं वाढली की आत्या मला खांबावर वर सरकवायच्या. यंदा ते कुणी केलंच नव्हतं, त्यामुळे माझी पिशवी पानांत बुडाली होती. भाची माझ्याकडे पाठ करून पाहुण्यापुढे उभी राहिली आणि तिने घरी फोन लावला.

"आत्या, आठवड्याचे नऊ. फक्त नऊ. फवारायची काहीएक गरज नाही. हो, मधवाल्या काकांनाही सांगते, माश्या खुशाल फिरू देत म्हणावं. तू औषध घातलंस का डोळ्यात?"

ती हसत होती. बियाण्याच्या पट्टीवरून हात फिरवत, फुलं वरवर बघत ती घरी गेली. फुलं छानच दिसत होती.

तेव्हा प्रथमच माझ्या मनात चुकचुकलं. माझ्या पिशवीत त्या दिवशी शंभराच्या वर पतंग होते. याचा अर्थ काय होतो हे त्या शेतात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. इतके नर आले आहेत म्हणजे माद्याही आल्या आहेत, आणि त्या काही माझ्या गोळीला भुलत नाहीत. त्या सरळ फुलावर जातात. म्हणजे अंडी पडली आहेत. मी तुम्हाला सांगू शकेन की मला त्या क्षणी फार काळजी वाटली. वाटलीही. पण त्याच्याआधी मला वाटलं की हिने एकदा तरी वळून माझ्याकडे बघायला हवं होतं. काळजी दुसरी आली. हे सांगताना मला बरं वाटत नाहीये.

आणखी पाच दिवस गेले. मी काय करू शकत होतो? वाऱ्याने हलत होतो, तेवढंच.

शुक्रवारी मधवाले काका बांधावरून चालले होते. माझ्याजवळ येऊन थबकले. त्यांनी नाक आक्रसलं, पानं बाजूला केली आणि माझी पिशवी तळहातावर तोलली. ते भराभरा घराकडे गेले. थोड्या वेळाने त्यांच्या मागोमाग आत्या आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा आणि वर पदर धरलेला. भाचीही होती. आत्यांना त्या दिवशी डॉक्टरकडे दाखवायचं म्हणून ती रजा काढून आली होती.

"अगं, तू इथे कशाला आलीस, धूळ बघ किती आहे," भाची म्हणत होती. मग तिला माझी पिशवी दिसली आणि तिने वाकून छपराखाली बघितलं.

"याला गोळी कुणी लावली?" तिने विचारलं.

मधवाले पायाने ढेकूळ फोडत राहिले.

"मी लावली," आत्या म्हणाल्या. "तू ठेवून दे म्हणालीस ती. मला वाटलं, बिचारा रिकामा कशाला."

"आत्या, पंधरा पावलांवर? अगं, याने त्याचे सगळे पतंग खाल्ले. मला आकडे येत होते ते खोटे होते."

"ते मला काय ठाऊक? तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं हा रिकामा आहे. रिकाम्या सापळ्याचं काय सांगायचं?"

भाची खाली बसली. वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून तिने आपली ओढणी पसरली आणि पिशवी ओतली. तिला काडीने पाचपाचचे ढीग करता येईनात. आत्या शेजारी टेकल्या आणि चष्म्याच्या आडून, बोटांनी चाचपत मोजायला लागल्या. दोनशे बारा. खालचे कुजलेले मोजताच आले नाहीत.

मी आयुष्यात एवढे कधी पकडले नव्हते. तिघं माझ्यापुढे जमले होते, पाहुण्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला ते नको होतं.

भाचीने पट्टीतलं एक फूल वाकवून अंगठ्याने उकललं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकात अळी बीच्या आत शिरली होती. उशीर झाला होता. ती पळतच मोठ्या शेतात गेली. ते आठवड्याने मागे होतं. तिथली अळी अजून वरवर होती, परागात.

"शेत वाचेल," परत येऊन ती म्हणाली. "पट्टी गेली, आत्या."

आत्या मान हलवून उभ्या राहिल्या. मग त्या मधवाल्यांकडे वळल्या. "तुमच्या माश्या..."

"आज तिन्हीसांजेला माश्या घरात आल्या की पेट्या बंद करतो आणि ओढ्यापलीकडे नेतो," मधवाले म्हणाले. "तीन दिवस कोंडून ठेवीन, त्यापुढे त्या गुदमरतील. तेवढ्यात तुमचं उरका, आत्या."

त्यांनी उरकलं. शेजारचे दोघे आपले पंप घेऊन मदतीला आले. मोठं शेत वाचलं, आणि मधवाल्यांच्या बाराही पेट्या धडधाकट परत आल्या.

पट्टीची फुलं काढली तेव्हा मी खांबावरच होतो. आत्या आणि भाची माझ्या पायाशी गोणपाट अंथरून बसल्या. दरवर्षी त्या पट्टीतून दोन पोती बियाणं निघायचं. या वेळी एकेक बी बोटाने दाबून बघावी लागत होती. पोकळ निघाली की बाजूला. भरलेली निघाली की तांब्यात टाकायची. आत्यांच्या नव्या डोळ्याला आता बारीक भोकंसुद्धा दिसत होती. दुपार कलली तरी तांब्या भरला नव्हता.

"अकरा वर्षांचं होतं," आत्या म्हणाल्या. "माझ्या एका गोळीने गेलं."

"तुझ्या कशाने?" भाची म्हणाली. "मी रोज फोन बघत होते. शेत बघितलंच नाही. एक पान बाजूला केलं असतं तरी दिसलं असतं."

"तुझी नोकरी आहे."

"ते काही कारण झालं का, आत्या?"

बराच वेळ त्या दोघी तो दोष आपापल्याकडे ओढत होत्या आणि बिया दाबत होत्या. एकीने दुसरीला एकदाही बोल लावला नाही. त्यांच्या डोक्यावर, दोन हातांवर मी होतो. बारा दिवस मला सगळं माहीत होतं आणि बारा दिवस मी, पतंगांनो इकडे या, असं म्हणत होतो. माझ्याकडे कुणी वर बघितलं नाही. बोलता न येणाऱ्याला कुणी दोष देत नाही, आणि म्हणून तो माझ्यापाशीच राहिला.

आता मी शेताच्या दुसऱ्या टोकाला आहे, पाहुण्यापासून पुरती दोनशे पावलं लांब. आत्या सोमवार-गुरुवार येऊन मोजतात आणि भाची फोनवरचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून बघते. पाहुण्याला अजूनही मऊ फडकं मिळतं. मला अजूनही जळायला होतं, स्वभावच तो. तांब्याभर बियाण्यातून नवी पट्टी पेरली आहे. पुन्हा दोन पोती व्हायला किती वर्षं लागतील, ते आत्या बोलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू टांगलेली असेल. ती काढून टाकायची असेल तर काढून टाका, तिला वाईट वाटेल पण ते सरेल. ठेवायची असेल तर तिला काम द्या आणि येऊन बघत जा. नुसती दया म्हणून ठेवू नका. आणि हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, कारण त्या दुपारी दोघी आपापली चूक कबूल करत होत्या, तेव्हा तिसरीही एक चूक होती. ती माझी होती, आणि मला ती कुणाला तरी सांगायची होती.